पदकांची खिरापत आणि प्रमाणपत्राची कसोटी

छत्रपती संभाजीनगर : गारखेडा परिसरातील विभागीय क्रीडा संकुल हे मराठवाड्यातील खेळाडूंचे हक्काचे केंद्र. कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे वर्ग मात्र आता शहराच्या अनेक वसाहतींत भरतात. कमरेच्या पट्ट्याचा रंग एक-दोनदा बदलला की पहिल्या स्पर्धेची सूचना येते आणि घरात थेट पदकाचीच चर्चा सुरू होते. स्पर्धेत प्रत्यक्ष काय वाट्याला येते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एका वजनगटात 32 खेळाडू असतील, तर त्यांतील 16 जण पहिल्याच लढतीनंतर घरी जातात. सुवर्णपदकासाठी सलग पाच लढती जिंकाव्या लागतात. तायक्वांदोची फेरी दोन मिनिटांची असते आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. ज्येष्ठ गटातील ज्युदोची लढत चार मिनिटांची असते. सकाळपासून प्रेक्षागृहात ताटकळलेल्या नवख्या खेळाडूचा दिवस अशा रीतीने काही मिनिटांत संपू शकतो. दम लागतो, शिकविलेले डाव आठवत नाहीत. प्रशिक्षकांनी याची कल्पना आधीच दिली, तर पहिल्या पराभवानंतर वर्ग सोडणारी मुले कमी होतील.

वजनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगट अंतिम लढतीच्या दिवशी 50 किलो गटात अवघे 100 ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तेथे वैद्यकीय पथक दिमतीला होते. वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात बसविण्यासाठी उपाशी ठेवणे किंवा पाणी तोडणे हे निव्वळ अविचाराचे होय. तायक्वांदोत ठोशाला एक, धडावरील लाथेला दोन आणि डोक्यावरील लाथेला तीन गुण मिळतात. म्हणजे नियमच डोक्यावर प्रहार करण्यास उत्तेजन देतात. अशक्त खेळाडूच्या बाबतीत हा धोका वाढतो. हेल्मेट, दातांचे कवच आणि मैदानावर डॉक्टर आहे की नाही, हे पालकांनी प्रवेश शुल्क भरण्यापूर्वीच विचारावयास हवे.

खरी मेख पदकांत आहे. तायक्वांदो, ज्युदो, कराटे या खेळांत कांस्यपदके दोन असतात. वय, वजन आणि अनेक ठिकाणी पट्ट्याच्या रंगानुसारही गट पाडले जातात. गट जितके अधिक, तितके प्रत्येक गटात खेळाडू कमी. चारच खेळाडू असलेल्या गटात चौघांनाही पदक मिळते. त्यांतील दोघांनी एकही लढत जिंकलेली नसते. फलकावर मात्र ‘राष्ट्रीय स्पर्धेत घवघवीत यश’ झळकते. स्पर्धेच्या नावात ‘राष्ट्रीय’ वा ‘आंतरराष्ट्रीय’ असल्याने ती तशी ठरत नाही. चार राज्यांतील वर्गांना निमंत्रण धाडून भरविलेल्या खासगी स्पर्धेचा अनुभव जरूर उपयोगी पडतो, शासनदरबारी मात्र तिची दखल घेतली जात नाही.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतही क्रीडागुणांची सवलत मिळते. नोकरीसाठी संघटनेची मान्यता, स्पर्धेचा दर्जा आणि खेळाडूची कामगिरी तपासून क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याचे प्रकरण राज्यभर गाजले आहे. त्यातून संशयाचे सावट प्रामाणिक खेळाडूंवरही पडले.

संघटनांतील भांडणांची झळही विद्यार्थ्यांनाच बसते. कराटेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने 2020 मध्ये तत्कालीन राष्ट्रीय कराटे संघटनेची मान्यता काढून घेतली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झालेला हा खेळ पॅरिसमध्ये नव्हता आणि 2028 च्या लॉस एंजलिस स्पर्धेतही नाही. घाम गाळणाऱ्या मुलाला यातील काहीच ठाऊक नसते.

प्रवेश शुल्क, प्रवास, संरक्षक साहित्य हा खर्च बहुतांशी पालकच सोसतात. याच गारखेड्याच्या संकुलाच्या निधीतून सुमारे 21 कोटी 59 लाख रुपयांचा अपहार झाल्याचे डिसेंबर 2024 मध्ये उघडकीस आले. तेवढ्या रकमेत किती मॅट आल्या असत्या, हा हिशेब त्या पालकांनी केला असेलच.

त्या मानाने शालेय क्रीडा स्पर्धांचा मार्ग सरळ आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत त्या होतात. तेथे पदक मिळणे अवघड आहे. म्हणूनच जिल्हा पातळीवर दोन लढती जिंकून रिकाम्या हाताने परतलेला मुलगा, खासगी ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेतून न जिंकता कांस्य घेऊन आलेल्या मुलापेक्षा पुढे असतो. फलक लावताना मात्र दुसऱ्याचेच छायाचित्र छापले जाते.