नगरभवनातील अपुरी सत्ता

डेन्मार्कमधील स्त्रियांना नगरपालिकांच्या निवडणुकीत मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क १९०८ साली मिळाला, संसदेसाठी मात्र त्यांना १९१५ पर्यंत थांबावे लागले; असे असूनही त्या देशाला पहिली स्त्री मंत्री नीना बांग यांच्या रूपाने १९२४ सालीच लाभली आणि राजधानी कोपनहेगनच्या सर्वोच्च नागरी पदावर स्त्री बसण्यास २००६ साल उजाडले. जे दार आधी उघडले, त्याच्या आतल्या मुख्य खुर्चीपर्यंतची वाट अधिक लांब निघाली, ही गोष्ट नगरराजकारणाला दुय्यम मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. त्या खुर्चीवर बसलेल्या रिट बिएरेगोर (१९४१–२०२३) यांची कारकीर्द शहराच्या सत्तेचे मोल आणि तिच्या मर्यादा दोन्ही दाखवते.

कोपनहेगनच्या वेस्टरब्रो या कामगारवस्तीत वाढलेल्या आणि पेशाने शिक्षिका असलेल्या बिएरेगोर १९७१ साली सोशल डेमोक्रॅट पक्षाकडून फोल्केटिंगमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या एकसदनी संसदेत, निवडून आल्या आणि दोनच वर्षांत शिक्षणमंत्री झाल्या. १९७५ चा शालेय शिक्षणाचा कायदा त्यांच्याच काळात संमत झाला; मुलांची लहान वयातच ‘हुशार’ आणि ‘सामान्य’ अशा वेगळ्या शाखांत वाटणी करण्याची पद्धत त्याने मागे सारली आणि सर्वांसाठी एकत्र शाळेचा मार्ग मोकळा केला. कामगाराच्या मुलाचे भवितव्य बाराव्या-तेराव्या वर्षी ठरू नये, हा त्यामागचा आग्रह न्याय्य होता. १९७८ च्या अखेरीस पॅरिसमधील सरकारी दौऱ्यातल्या महागड्या हॉटेलच्या बिलावरून त्यांना मंत्रिपद गमवावे लागले. समतेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्र्याकडून अशा खर्चाबाबत अधिक काटेकोरपणाची अपेक्षा रास्तच होती. तरीही वर्षभराच्या आत पक्षाने त्यांना समाजकल्याण खात्याचे मंत्रिपद दिले, यावरून त्यांच्या क्षमतेची कल्पना यावी. पुढे १९९५ ते १९९९ या काळात त्या युरोपीय आयोगात पर्यावरण आयुक्त होत्या, आणि त्यानंतर काही काळ अन्नमंत्री.

एवढा अनुभव गाठीशी असताना २००५ मध्ये त्या कोपनहेगनच्या निवडणुकीत उतरल्या. तेथील प्रमुख महापौराला ‘ओव्हरबोर्मेस्टर’ म्हणतात. भारतीय शहरांतील बहुतेक महापौरपदे जशी केवळ शोभेची असतात, तसे हे पद नाही, पण सर्वाधिकारीही नाही: पंचावन्न सदस्यांच्या नगरसभेत अर्थसमितीचे अध्यक्षपद प्रमुख महापौराकडे असते, तर शिक्षण, समाजसेवा, पर्यावरण अशी खाती इतर सहा महापौरांकडे असतात, आणि ती पदे पक्षांच्या बळानुसार वाटली जात असल्याने विरोधकही त्यांत बसतात. अशा रचनेत मतदारांना दिलेले वचन एकट्याने पाळणे कठीण असते. बिएरेगोर यांचे वचन तर फार मोठे होते: पाच वर्षांत पाच हजार घरे, दरमहा पाच हजार क्रोनर भाड्याने. सामान्य पगारावर जगणाऱ्या माणसाला आपल्याच शहरात राहणे परवडेनासे झाले होते, त्यामुळे या घोषणेने लोकांच्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. परंतु नगरपालिकेने आपली जमीन बाजारभावापेक्षा स्वस्तात विकू नये, असा देशाचा दंडक होता आणि देशात सरकार विरोधी आघाडीचे होते; परिणामी घरांची संख्या आश्वासनाच्या जवळपासही पोहोचली नाही. तीन दशके कायदे घडवणाऱ्या नेत्याने हा अडथळा आधीच ओळखायला हवा होता. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गंभीर चूक म्हणावी लागेल.

मार्च २००७ मध्ये यागटवाय या रस्त्यावरील, तरुणांच्या ताब्यातले युवागृह पोलिसांनी रिकामे केले आणि काही दिवसांत ते पाडले गेले, तेव्हाही शहर असेच हतबल दिसले. ती वास्तू पालिकेने बिएरेगोर यांच्या आधीच विकलेली होती, म्हणून निर्णय त्यांचा नव्हता, पण त्यावरून उसळलेल्या दंगलींनी पेटलेल्या रस्त्यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. (१९१० साली समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी आंतरराष्ट्रीय महिला दिनाचा प्रस्ताव याच वास्तूत मांडला होता; शहराच्या पहिल्या स्त्री प्रमुख महापौराच्या काळात ती जमीनदोस्त व्हावी, हे वेदनादायक आहे.) हवामानाच्या प्रश्नावरही शहराच्या मर्यादा दिसल्या. डिसेंबर २००९ च्या जागतिक हवामान परिषदेचे यजमानपद भूषवणाऱ्या या शहराने त्याच वर्षी २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला जाईल तेवढ्याची भरपाई करण्याचे, उद्दिष्ट स्वीकारले. त्याने शहराच्या कामाला दिशा दिली, मात्र ते मुदतीत गाठता येणार नाही हे २०२२ मध्ये मान्य करावे लागले. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पातील कार्बन पकडून साठवण्यासाठी लागणारा सरकारी निधी मिळू शकला नव्हता.

एका कार्यकाळानंतर बिएरेगोर यांनी पद सोडले. परवडणाऱ्या घरांच्या वाटेतला अडथळा पुढेही संसदेतूनच दूर व्हायचा होता. नव्या वसाहतींत पंचवीस टक्क्यांपर्यंत घरे सामाजिक गृहनिर्माणासाठी, म्हणजे ना-नफा तत्त्वावर भाड्याने देण्यासाठी, राखून ठेवण्याचा अधिकार नगरपालिकांना २०१५ साली मिळाला, तोही संसदेने नियोजनाचा कायदा बदलल्यावर. कोपनहेगनच्या दुसऱ्या स्त्री प्रमुख महापौर सोफी हेस्टोर्प आंद्रसन यांनी २०२४ मध्ये नगरभवन सोडून उलट दिशेने वाटचाल केली आणि त्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेल्या. त्यांच्याकडे खाते आले ते समाजकल्याण आणि गृहनिर्माणाचे.