संदर्भ कुणाला मिळतात, हा समतेचाही प्रश्न आहे

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीच्या वर्गातच फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. समाजशास्त्राचे आपले अनेक विद्यार्थी विषय चांगले निवडतात : सफाई कामगारांची पुढची पिढी, वस्तीतील मुलींचे शिक्षण, आंतरजातीय विवाह. गाडी अडते ती संदर्भांपाशी. मग गाईड, विकिपीडिया आणि एआयने लिहून दिलेली उत्तरे यांवर प्रकल्प उभा राहतो. एआय तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे देते.

याला केवळ विद्यार्थ्यांचा आळस म्हणून चालणार नाही. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असा तिचा आवाका आहे. मात्र हा लाभ ठेवला गेला तो सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी संस्था चालवतात. तालुक्याच्या अशा महाविद्यालयात शिकणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीने काय करायचे? ज्ञानाची मक्तेदारी मोडायची असेल, तर विद्यार्थी संघटनांनी ही मागणी आपल्या निवेदनांत घेतलीच पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. त्यांत मराठीतील प्रबंधही आहेत. आपल्या विषयाचा एक प्रबंध सापडला, की त्याच्या संदर्भसूचीतून पुढची वाट मिळते. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड इंटरनेटवर मोफत आहेत. जनगणनेचे तक्तेही खुले आहेत.

आकडे वापरताना मात्र सावध राहावे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65.31 लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांतील सुमारे 52 लाख अनुसूचित जातींच्या तक्त्यातही आहेत, कारण 1990 पासून बौद्धांचा त्या सूचीत समावेश आहे. दोन्ही तक्त्यांची बेरीज केली, तर तीच माणसे दोनदा मोजली जातात. शिवाय हे आकडे 2011 चे आहेत. जातनिहाय मोजणीसह होणाऱ्या नव्या जनगणनेचे तक्ते हाती येईपर्यंत प्रत्येक आकड्यासोबत वर्ष लिहिलेच पाहिजे.

संदर्भ मिळाला म्हणजे तो मान्य केला, असेही नाही. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील निबंध वाचताना 25 वर्षांच्या बाबासाहेबांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या, तपासल्या आणि त्या कुठे अपुऱ्या पडतात ते दाखवले. संदर्भ कसा वापरावा, याचा यापेक्षा चांगला धडा आपल्यासाठी नाही. इंग्रजी काळातील गॅझेटियर वाचतानाही हीच नजर हवी : हे कुणी लिहिले, कुणाला विचारून लिहिले?

आणि काही संदर्भ कोणत्याच संकेतस्थळावर नाहीत. विहाराच्या कपाटातील जुनी इतिवृत्ते, मोर्चांची पत्रके, नामांतर आंदोलनात तुरुंगात गेलेल्या आयाबायांच्या आठवणी. त्यांची परवानगी घेऊन, तारीख आणि ठिकाण लिहून या नोंदी आपणच करायच्या आहेत. ती पिढी थकत चालली आहे. या वर्षीच्या प्रकल्पात प्रत्येकाने अशी एक तरी मुलाखत घ्यावी आणि तिची प्रत विहारात व महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. उद्याच्या संशोधकाला तो संदर्भ आपल्याकडूनच मिळेल.