बॅटरी बदलण्याआधी नोंद वाचा

बाहेरगावच्या माणसाला घोडेगाव माहीत असतं ते नगर–संभाजीनगर रस्त्यावरून शनिशिंगणापूरला वळायचं ठिकाण म्हणून. नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते माहीत असतं कांद्याच्या उपबाजारामुळे. लिलावाच्या गडबडीत आडतदार लॅपटॉप उघडा ठेवून गोण्यांकडे जातो, परत येतो तर पडदा काळा. हिशोबपट्ट्या काढताना कुरकुर नाही, नुसता ठेवला की बंद. दुरुस्तीला नेला की बहुतेकदा दोनच सल्ले मिळतात: फॉरमॅट मारा, नाहीतर बॅटरी बदला.

यातला एखादा सल्ला बरोबरही निघेल. प्रश्न एवढाच, की तो कशाच्या आधारावर दिला? विंडोज प्रत्येक बंद होण्याची नोंद ठेवतं आणि ती वाचायला एक पैसा लागत नाही.

आधी लॅपटॉप खरंच बंद पडला की झोपला, हे बघावं. पॉवरचं बटण दाबल्यावर उघड्या फायली जशाच्या तशा समोर आल्या, तर तो स्लीप किंवा हायबरनेटमध्ये गेला होता. हा बिघाड नव्हे, पॉवर सेटिंगमधली मिनिटं वाढवली की काम झालं. सगळं नव्याने सुरू झालं, तर मात्र इव्हेंट व्ह्यूअर उघडावा आणि विंडोज लॉग्जखालच्या सिस्टीम या भागात जावं. 42 क्रमांक म्हणजे यंत्र झोपायला गेलं. 1074 म्हणजे अपडेटसारख्या एखाद्या प्रोग्रॅमने किंवा माणसाने ते रीतसर बंद केलं. 41 म्हणजे रीतसर बंद न होताच गेलं. 41 ची नोंद यंत्र पुन्हा सुरू होताना पडते, त्यामुळे तिची वेळ फसवी असते; बंद कधी पडलं ते 6008 च्या मजकुरात सापडतं.

ही वेळ गावाकडे फार कामाची आहे. लाइट गेल्याची वेळ आणि 6008 मधली वेळ जुळली, तर लॅपटॉप ‘आपोआप’ बंद पडलेला नाही. बॅटरी कधीच संपली आहे, तो नुसता चार्जरच्या जिवावर चालत होता. माणूस समोर नसताना लाइट क्षणभर जाऊन आली, एवढंच.

बॅटरीची प्रकृतीही अंदाजाने ठरवायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिसते. समजा पहिला आकडा 41,000 मिलिवॉट-तास आणि दुसरा 15,000 असेल, तर बॅटरी बदलायला कोणाची हरकत नसावी. दुसरा 37,000 असेल, तर खर्च करण्याआधी चार्जरची पिन, पंख्यातली धूळ आणि सेटिंग तपासावी. फुगलेल्या बॅटरीला मात्र हे काही लागू नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून थेट दुकान गाठावं.

महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटीचे वर्ग भरतायत. त्या वर्गांनी गावोगावच्या लोकांना टायपिंग, एक्सेल, ईमेल दिलं. आपल्याच यंत्राच्या नोंदी वाचण्याचा एक तासही त्यात पक्का बसायला हवा. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा विचार. पण काय मागायचं हेच ग्राहकाला ठाऊक नसेल, तर त्या पोर्टलवर जाऊन तो करणार काय?

दुकानदाराला चोर ठरवण्याचं कारण नाही. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडेही रांग असते आणि फॉरमॅट मारणं हा त्याला सुटसुटीत मार्ग वाटतो. तरी निदान दाखवून मग दुरुस्ती, हा शिरस्ता त्याने पाडलाच पाहिजे. सेवेचं बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा बिल घ्यावंच, आणि बॅटरी बदलली असेल तर त्यावर जुन्या बॅटरीच्या क्षमतेचे दोन्ही आकडे लिहून मागावेत.