बी.एड.ची पदवी पेटीत का?

१९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजघराने मुंबई उजळली. त्याच भिवपुरी-कर्जत पट्ट्यातले आमचे बी.एड. झालेले तरुण आज विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या मानधनावर राबतात. परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळा आपल्यासाठी नाहीत, असे ते अर्ज करण्याआधीच ठरवून टाकतात. आम्हाला हे मान्य नाही.

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२३ पासून भारतीय शिक्षकांनाही तेथील शिक्षक-पात्रतेसाठी (क्यूटीएस) थेट अर्जाची वाट खुली केली. ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याचे प्रशिक्षण, किमान वर्षाचा अनुभव आणि इंग्रजी हवे. अर्जाला शुल्क नाही. ही नोकरी नव्हे, व्हिसाही नव्हे. पण परदेशातील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा हा कागद ओळखतात. मग एजंटाला पैसे कशाचे?

काही शाळांना मातृभाषा इंग्रजी असलेलाच शिक्षक लागतो. जन्मावरून निवड! ती आपल्याला नवी नाही.

खरी अडचण घरचीच. रोखीने पगार देणारे संस्थाचालक अनुभवाचा दाखला देताना हात आखडतात. तिथे आपल्या शिक्षक संघटनांनी भांडावे. आणि इंग्रजीचा वर्ग कर्जत-खालापूरच्या विहारांत संध्याकाळी भरवावा. जयंतीच्या डीजेचे पैसे त्याला पुरतील.