थंडीतला आमचा डोंगर



खाली बाजाराला गेलो की लोक विचारतात, "काय रे, एवढ्या थंडीत वर डोंगरावर कसे राहता?" त्यांना आमची कीव येते. मला मात्र त्यांची कीव येते. माझे स्पष्ट मत आहे की, हिवाळा भोगावा तर डोंगरावरच.

आमची वाडी कळसूबाईच्या रांगेत आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात उंच. हे पुस्तकात सगळेच वाचतात. आम्ही ते रोज तोंड धुताना बघतो. पावसाळ्यात मात्र चार महिने काही दिसत नाही. समोरचा गोठा धुक्यात हरवतो, तिथे शिखर कुठले दिसणार? दिवाळी झाली की आभाळ घासलेल्या तांब्यासारखे लख्ख होते. खाली प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण दिसते. ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात सकाळचे ऊन पडले म्हणजे डोळे दिपतात. शिखरावर चढून गेले तर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले एका ओळीत उभे असलेले दिसतात. लांब रतनगडही दिसतो.

आता थंडीविषयी. उंचावर गारठा जास्त असतो हे खरे आहे. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पण वारा पडलेल्या स्वच्छ रात्री उलटेच घडते. गुरुजींनी त्याचे कारण सांगितले. थंड हवा जड असते. ती ओढ्याच्या पाण्यासारखी उतारावरून खाली जाते आणि दरीत साचून राहते. म्हणून पहाटे खाली धुके आणि आमच्या अंगणात कोवळे ऊन! बाजाराच्या दिवशी मी वडिलांबरोबर पहाटे डोंगर उतरतो, तेव्हा मधल्या वळणाखाली गेलो की एकदम कान झोंबायला लागतात. मागे वळून पाहावे तर आमची वाडी उन्हात शेकत बसलेली असते. मग सांगा, कीव कोणाची करायची?

रात्री शेकोटीभोवती बसावे, अंगावर घोंगडी, हातात नाचणीची गरम भाकरी. वर मृग नक्षत्र आणि त्याच्यामागून येणारा व्याधाचा तारा. विजेच्या दिव्यांच्या झगमगाटात शहरातल्या मुलांना इतके तारे दिसत नाहीत. माझी आजी म्हणते, "आरं, थंडी घरात बसल्याला लागती, चालत्याला न्हाय." ती म्हातारी अजून पहाटे उठून सरपण आणते.

पण मित्रहो, मला एका गोष्टीचे फार वाईट वाटते. भात झोडून झाले की आमची निम्मी वाडी रिकामी होते. डोंगरावर पावसाचे एकच पीक. पुढे काम नाही. मग कोणी नारायणगावला, कोणी नाशिककडे मजुरीला जातात. पोरेबाळेही बरोबर जातात. माझ्या बाकावरचा सोबती दिवाळीनंतर गेला, तो होळीला येईल. म्हणजे आमचा डोंगर जेव्हा सर्वांत सुंदर असतो, तेव्हा डोंगरचीच माणसे तिथे नसतात. लांबून गाड्या करून पाहुणे ते बघायला येतात आणि आमचा सोबती दुसऱ्याच्या मळ्यावर धाकट्या बहिणीला सांभाळत बसतो. त्याची शाळा बुडते ती वेगळीच. गेल्या वर्षी परत आला तेव्हा त्याला भागाकार येईना. तो रडला नाही, पण आठ दिवस बोलला नाही.

आईबापांना दोष देता येत नाही. पोट कोणाला सुटले आहे? पण पोरांना तरी मागे ठेवावे असे मला वाटते. आजी-आजोबा घरी असतातच. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी वडीलधाऱ्यांनी जाण्याच्या आधीच, दसऱ्याच्या सुमारास, शाळेत येऊन गुरुजींना नावे सांगावीत. निघायच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग होत नाही. आम्हा मोठ्या मुलांनीही लहानांना सकाळी उठवून शाळेत आणायचे कबूल करावे. मी माझ्यापुरते कबूल करतो.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या बाकावर जागा रिकामी नसावी. खाली दरीत धुके भरले असावे आणि आम्ही दोघांनी शाळेच्या ओट्यावर ऊन खात भागाकार करावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी