इंग्रेस एनजिनएक्स सोडताना

कुबरनेटिसच्या नेटवर्क गटाने आणि सुरक्षा समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की क्लस्टरबाहेरून येणारी वेब रहदारी आतल्या सेवांकडे वळवणाऱ्या इंग्रेस एनजिनएक्स या कंट्रोलरची जमेल तेवढी देखभाल मार्च २०२६ पर्यंतच होईल. त्यानंतर नवी आवृत्ती नाही, सुरक्षेचे पॅचही नाहीत. बसवलेले कंट्रोलर मात्र चालूच राहतील. खरी अडचण इथेच आहे. काहीच बंद पडत नसल्याने हे काम कोणाच्याच स्प्रिंटमध्ये येत नाही.

पॅच का लागतात, ते मार्च २०२५ मध्ये दिसले होते. विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी शोधलेल्या सीव्हीई-२०२५-१९७४ या त्रुटीची तीव्रता १० पैकी ९.८ होती. पॉड नेटवर्कपर्यंत पोचलेल्या कोणालाही लॉगिनशिवाय कंट्रोलरमध्ये स्वतःचा कोड चालवता येत होता, आणि नेहमीच्या मांडणीत हा कंट्रोलर क्लस्टरभरची सिक्रेट्स वाचू शकतो. तेव्हा पॅच काढायला माणसे होती.

तीही मोजकीच. कितीतरी वर्षे एक-दोन जण नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी हा प्रकल्प ओढत होते. पर्याय म्हणून आखलेला इनगेटही पुरेशा हातांअभावी आकाराला आला नाही.

इंग्रेसची जागा घेणाऱ्या गेटवे एपीआयकडे स्थलांतर करताना सुरुवात शोधापासून करावी. जुन्या टीमने उभारलेल्या, विसरलेल्या क्लस्टरमध्येही हा कंट्रोलर सापडतो. एफ-फाइव्ह कंपनीचा जवळजवळ याच नावाचा कंट्रोलर वेगळा आहे. तो निवृत्त होत नाही.

मग अ‍ॅनोटेशन्स, म्हणजे इंग्रेसवर लिहिलेल्या सेटिंग्ज. इंग्रेसमधून गेटवे एपीआयच्या फाइली तयार करणारे इंग्रेस-टू-गेटवे हे साधन उपयोगी आहे, पण त्याने दिलेली फाइल हा कच्चा मसुदाच समजावा. इंग्रेस एनजिनएक्समध्ये एका इंग्रेसवर रेजेक्स चालू केले, की त्या होस्टच्या सगळ्या पाथना ते लागू होते, आणि जुळणी लहान-मोठी अक्षरे न पाहता होते. म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांची चूक असलेला पाथ आज बिनबोभाट चालतो आणि स्थलांतरानंतर ४०४ देतो. असे पाथ अ‍ॅक्सेस लॉगमधूनच हाती लागतात, फाइलींची तुलना करून नाही. स्निपेट्समध्ये कोंबलेल्या एनजिनएक्सच्या ओळी तर हातानेच तपासाव्या लागतील, आणि त्यांतल्या काही टाकून द्याव्या लागतील. लवचीकता म्हणून ज्यांचे कौतुक झाले, तीच स्निपेट्स पुढे सुरक्षेतले भगदाड ठरली.

नवा गेटवे जुन्याशेजारी उभा करावा, डीएनएसचा टीटीएल आधीच उतरवावा, आणि एकेक होस्ट हलवावा. एचटीटीपी पडताळणीने मिळणारी प्रमाणपत्रे बऱ्याचदा इंग्रेस क्लासवर अवलंबून असतात. तिकडे दुर्लक्ष झाले, तर बिघाड स्थलांतराच्या दिवशी न दिसता काही आठवड्यांनी, नूतनीकरणाच्या वेळी उघडा पडतो.

गेटवे एपीआयची अंमलबजावणी निवडताना वैशिष्ट्यांच्या तक्त्याआधी प्रकल्पाचा कमिट इतिहास उघडावा: किती जण, किती कंपन्यांचे, किती नियमित. आणि या स्थलांतरावर खर्च होणाऱ्या तासांतले थोडे तास, निवडलेल्या प्रकल्पाच्या देखभालीच्या नावाने, पुढच्या तिमाहीच्या आराखड्यात आत्ताच मांडावेत.