निवासी डॉक्टरांची झोप हा रुग्णाचा प्रश्न आहे

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज सीमेपलीकडचा कर्नाटकातला रुग्णही अडल्यावेळी मिरज गाठतो. अशा गावाने तरी निवासी डॉक्टरांची झोप हा केवळ त्यांच्या संघटनेचा विषय मानू नये. सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांपुढे आणि आठवडा 48 तासांपुढे जाऊ नये, असे केंद्राने 1992 मध्येच सांगितले आहे. तरी देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत 24, कधी 36 तासांची ड्यूटी अंगवळणी पडली आहे.

मनाचा निर्धार असला की झोप मारता येते, हा समज प्राणिसृष्टीच खोटा ठरवते. कॅसिओपिया या जेलीफिशला मेंदूच नसतो. तोही रात्री मंदावतो आणि रात्रभर जागवला तर दुसऱ्या दिवशी सुस्त पडतो, असे 2017 मध्ये दिसून आले. श्वासासाठी सतत वर यावे लागणारा डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून उरलेल्या अर्ध्याने झोपतो. एवढी अडचण असूनही झोप त्याला सुटलेली नाही. माणसाला तर ही अर्ध्या मेंदूचीही सोय नाही. सलग 17 तास जागलेल्याचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्यासारखे चालतात, असे ऑस्ट्रेलियातल्या 1997 च्या प्रयोगात आढळले. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा 0.03 टक्क्यांचीच आहे. पहाटे चारला, शरीराचे तापमान उतरलेले असताना, तान्ह्या बाळाच्या वजनावरून औषधाचा डोस काढायचा असतो. दशांशचिन्ह एक घर सरकले तर डोस दहापट होतो.

‘आम्हीही असेच शिकलो’ हे उत्तर ज्येष्ठांकडून येते. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे, पण त्या रात्री किती चुका झाल्या याची नोंद कोणी ठेवली? बोस्टनमध्ये ती ठेवली गेली: 2004 च्या अभ्यासात, अतिदक्षता विभागात 24 तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. तास कमी करण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. अमेरिकेतल्याच 2020 च्या एका मोठ्या चाचणीत पाळ्या आखडल्यावर चुका उलट वाढल्या. मात्र तिथे प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला जास्त रुग्ण आले होते. तो भार हिशेबात धरताच फरक मावळला. म्हणजे माणसे तेवढीच ठेवून तास कापणे ही रुग्णाची फसवणूकच होईल. रिक्त पदे भरणे, पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची माहिती लेखी सोपवणे आणि 12 तासांची मर्यादा पाळणे, ही तिन्ही कामे शासनाने एकाच आदेशात बांधावीत आणि कोणत्या डॉक्टरने सलग किती तास काम केले, हे दरमहा जाहीर करावे.